म्हादईचा हिशोब टीएमसीत नको, महिन्यांत मांडा

कर्नाटकातून गोव्यात वाहत येणाऱ्या म्हादई नदीच्या पाण्यावरून जे भांडण चाललंय त्यात दोन वाक्यं इतक्या वेळा ऐकलीयेत की आता ती कोणी तपासूनही बघत नाही. एक घाटावरून, कर्नाटकाकडून येतं, की पाणी नाहीतरी समुद्रात वायाच जातंय, आम्ही थोडं वळवलं तर तुमचं काय बिघडलं? दुसरं आपल्या गोव्याकडून जातं, की नदी अडवली तर समुद्राला खाद्य मिळणार नाही आणि गोव्याची मासळी संपेल. पहिलं ऐकून आपलं डोकं फिरतं आणि ते फिरायलाच हवं. पण दुसरं वाक्य, निदान आपण ज्या पद्धतीने ते बोलतो त्या पद्धतीने, टिकत नाही, आणि ते टिकत नाही हे समोरच्या बाजूच्या एखाद्या हुशार वकिलाने सिद्ध करण्याआधी आपणच मान्य केलेलं बरं. या दोन्ही वाक्यांचं उत्तर एकाच कामात आहे, नदीमुखाच्या आणि समोरच्या समुद्राच्या पाण्याचा, मिठाचा आणि पोषकद्रव्यांचा महिन्यागणिक हिशोब मांडणं आणि तो लोकांसमोर ठेवणं. हे काम झाल्याशिवाय आपण नुसते ओरडत राहणार.

आधी आकडे घेऊया. पाणीवाटपाचा लवाद २०१० मध्ये नेमला, निवाडा ऑगस्ट २०१८ मध्ये आला. खोऱ्यात ७५ टक्के खात्रीने, म्हणजे चारपैकी तीन वर्षं तरी, मिळणारं पाणी १८८.०६ टीएमसी (अब्ज घनफूट) धरलं गेलं आणि त्यातलं कर्नाटकाला १३.४२, गोव्याला २४ आणि महाराष्ट्राला १.३३ असं वाटप झालं. कर्नाटकाच्या १३.४२ मधलं ८.०२ विजेसाठी आहे, ते खोऱ्यातच राहतं, आणि ज्याच्यावरून खरी मारामारी आहे ते कर्नाटकातल्या मलप्रभा नदीत वळवायचं पाणी ३.९ टीएमसी, कळसा नाल्यातून १.७२ आणि भांडुरा नाल्यातून २.१८. आता ३.९ ला १८८ ने भागा, दोन टक्के येतात. मग टीव्हीवर बसलेला माणूस हसून विचारतो, दोन टक्क्यांसाठी एवढा तमाशा? आणि आपला माणूस तिथे भावनेवर येतो, आई, जीवनदायिनी वगैरे. आईच आहे हो, पण दोन टक्क्यांना उत्तर आकड्यानेच द्यायला हवं ना.

उत्तर असं की दोन टक्के हा आकडा खोटा नाही, तो वर्षाचा आहे, आणि मांडवी, म्हणजे गोव्यातली म्हादईच, वर्षाने वाहत नाही. गोव्यात साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला नव्वद टक्क्यांच्या आसपास जून ते सप्टेंबरमध्ये संपतो. १८८ टीएमसी म्हणजे सुमारे ५३२ कोटी घनमीटर, ते वर्षभरात सारखं वाटलं तर सेकंदाला १७० घनमीटरच्या आसपास येतं, पण ही सरासरीची नदी फक्त कागदावर आहे. गांजेला, जिथे नदीचा प्रवाह मोजतात तिथे, उभं राहून बघाल तर पावसाळ्यात सेकंदाला शेकडो घनमीटर आणि उन्हाळ्यात तेच एकेरी आकड्यात आलेलं. जुलैत भर पुरात थोडं पाणी वर उचललं तर खाली कोणाला कळणारही नाही, हे कडू वाटलं तरी खरं आहे. पण नोव्हेंबरनंतर नदीत जे वाहतं ते घाटातल्या जंगलाने आणि मातीने धरून ठेवलेलं पाणी असतं, हळूहळू सुटणारं, त्यातलं थोडंसं जरी वरच्या वर अडलं तर ते वर्षाचे दोन टक्के नसतात, त्या महिन्याचे ते वीस असतील, तीस असतील, कोण मोजतंय? म्हणून 'किती टीएमसी' एवढंच विचारणं म्हणजे अर्धाच प्रश्न विचारणं. कुठल्या महिन्यात, आणि नदी कुठल्या पातळीच्या खाली गेली की वळवणं बंद, हे विचारायला हवं.

पण समजा हे विचारलं आणि उलट प्रश्न आला, की बरं, सांगा, उन्हाळ्यात मुखाकडे किती पाणी गेलंच पाहिजे? मग आपल्याला खाडीचा हिशोब लागतो. हा हिशोब कसा मांडतात ते थोडं सविस्तर लिहितो, कारण एकदा कळलं की पुढचं सगळं सोपं होतं, आणि तो वाटतो तेवढा अवघडही नाही.

खाडीत येणारं गोडं पाणी म्हणजे नदीचं, पावसाचं, जमिनीतून झिरपणारं आणि गटाराचं. जाणारं म्हणजे बाष्प. पातळी महिन्यामागून महिने तशीच राहते, म्हणजे जे उरतं तेवढं निव्वळ पाणी समुद्रात जातंच. हे झालं पाण्याचं. पण भरती-ओहोटीने जी अदलाबदल होते, आतलं पाणी बाहेर आणि बाहेरचं आत, ती यात दिसत नाही, आणि खाडी किती लवकर धुतली जाते हे त्या अदलाबदलीवरच ठरतं. तुम्ही म्हणाल मीटर लावा आणि प्रवाह मोजा. लावतातही. पण मुखाशी भरतीला सेकंदाला समजा तीन हजार घनमीटर आत येतं आणि ओहोटीला जवळजवळ तेवढंच बाहेर जातं, तर मोजणीत एक टक्क्याची चूक म्हणजे तीस घनमीटर झाली, आणि एप्रिलमधली अख्खी नदीच दहा घनमीटरची नाही. म्हणजे मोजायची गोष्ट चुकीच्या आतच बुडाली.

तिथे मीठ कामी येतं. माशाच्या हुमणात पाणी किती घातलंय ते मीठ सांगतं, तसंच हे. समुद्राचं पाणी हजाराला ३५ भाग खारट, नदीचं शून्य. खाडीत सरासरी ३० सापडलं आणि महिनाभर ते तसंच राहिलं, तर नदीबरोबर जेवढं मीठ बाहेर वाहून गेलं तेवढंच अदलाबदलीने आत आलं असलं पाहिजे. नदी सेकंदाला १० घनमीटर असेल तर गणित सरळ आहे, सीमेवरचा खारटपणा ३२.५ (३५ आणि ३० ची सरासरी), गुणिले १०, भागिले फरक म्हणजे ५, उत्तर ६५. म्हणजे दर सेकंदाला ६५ घनमीटर पाण्याची समुद्राशी अदलाबदल. एकदा हा आकडा हातात आला की खाडीचं एकूण पाणी त्याने आणि नदीने मिळून भागायचं, पाणी किती दिवस आत मुक्काम करतं ते कळतं. मांडवी-जुवारीत पावसाळ्यात हा मुक्काम काही दिवसांचा असतो, उन्हाळ्यात महिना-दीड महिन्याचा. बॅगेत कचरा भरून पुलावरून फेकणाऱ्या आपल्या लोकांनी यातला दुसरा आकडा पाठ करायला हवा.

नव्वदच्या दशकात जमीन आणि समुद्र यांच्या देवघेवीवर एक मोठा आंतरराष्ट्रीय कार्यक्रम चालला होता, त्यांनी ही पद्धत १९९६ मध्ये सोप्या नियमांत बसवली आणि जगभरातल्या खाड्यांना ती लावली गेली. गरीब देशांना परवडेल अशी, खारटपणा आणि नायट्रेट-फॉस्फेट ही पोषकद्रव्यं एवढंच मोजलं की झालं. म्हणूनच ती पसरली. आणि म्हणूनच तिच्या मर्यादाही माहीत असायला हव्यात, कारण कोर्टात त्याच काढल्या जातात.

वरच्याच गणितात खाडीचा खारटपणा ३० ऐवजी ३४ घ्या, म्हणजे आपला मे महिना. सीमेवर ३४.५, गुणिले १०, भागिले १, उत्तर ३४५. आता मोजणाऱ्याची अर्ध्या भागाची चूक झाली आणि त्याने ३४.५ लिहिलं तर उत्तर जातं ६९५ वर. अर्ध्या भागाने उत्तर दुप्पट! ज्या महिन्यात आपल्याला हिशोब सगळ्यात जास्त हवा त्याच महिन्यात तो सगळ्यात कच्चा असतो, कारण खाडी आणि समुद्र दोन्ही सारखेच खारट झालेले असतात आणि आपण जवळजवळ शून्याने भागत असतो. पावसाळ्यात दुसरी पंचाईत, तेव्हा वर गोडं आणि खाली खारं असे दोन थर पडतात, सगळ्याची एक सरासरी काढली तर तिला अर्थ नसतो, थर वेगळे धरावे लागतात. शिवाय कुंभारजुवे कालवा मांडवी आणि जुवारीला जोडून बसलाय, तेव्हा एकीचा हिशोब दुसरीला सोडून करताच येत नाही. याचा अर्थ पद्धत टाकाऊ असा नाही. याचा अर्थ आकडा देताना तो कितीपासून किती असू शकतो हे सोबत द्यायचं, आणि महिन्यातून एकदा होडी काढून बाटल्या भरण्यापेक्षा पुलांना सेन्सर बांधून तासातासाला मोजायचं. मांडवी पूल, बाणस्तारी, कुठ्ठाळी, बोरी, वर गांजे, जागा तर आपोआपच ठरलेल्या आहेत.

आता समुद्राकडे. इथे आपलं दुसरं वाक्य अडचणीत येतं.

गोव्यासमोर उथळ समुद्रतळ, ज्याला भूखंडमंच म्हणतात, तो शंभरेक किलोमीटर पसरलेला आहे. जूनपासून वारा आणि किनाऱ्यालगतचा प्रवाह अशा पद्धतीने चालतात की वरचं पाणी बाहेर सरकतं, प्रवाह दक्षिणेकडे जातो आणि खोल समुद्रातलं थंड, नायट्रेट-फॉस्फेटने भरलेलं पण ऑक्सिजन कमी असलेलं पाणी तळातळाने या मंचावर चढतं. सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत हे चालतं. नोव्हेंबरनंतर सगळं उलटं, प्रवाह उत्तरेकडे वळतो आणि बंगालच्या उपसागरातलं कमी खारट पाणी श्रीलंकेला वळसा घालून पश्चिम किनाऱ्याने वर सरकतं. गंगा-गोदावरीचा अंश अरबी समुद्रात, आणि आपण तीन राज्यांत हद्दीवरून भांडतोय.

ढोबळ हिशोब करा. किनाऱ्याची लांबी शंभर किलोमीटर, रुंदी अर्ध्या मंचाचीच धरा, पन्नास, आणि वर चढलेल्या थराची जाडी समजा वीस मीटर. शंभर घन किलोमीटर पाणी झालं. मांडवीचं अख्ख्या वर्षाचं पाणी सव्वापाच घन किलोमीटर. वीसपट फरक, आणि वर चढलेलं पाणी पोषकद्रव्यांनी आधीच भरलेलं. नदीतलं नायट्रेट कितीही ताणलं तरी तराजू दुसऱ्या बाजूला जाणार नाही. पावसाळ्यानंतर बांगडा-तारली जी येते तिचं खाद्य मुख्यतः खालून आलेलं असतं, म्हादईने वाहून आणलेलं नव्हे. तेव्हा 'नदी अडवली की समुद्र उपाशी' हे उघड्या समुद्राबद्दल म्हणणं चूक आहे, मग कितीही मोठ्या व्यासपीठावरून म्हणा.

उलट आपल्या समुद्राचं दुखणं खाद्य कमी पडण्याचं नाहीच, ते जास्त झाल्याचं आहे. जून-जुलैत मंचावर आलेल्या पाण्यात आधीच ऑक्सिजन कमी, वरून पावसाच्या आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या सगळ्या नद्यांच्या हलक्या पाण्याचा काही मीटरचा थर बसतो, त्यामुळे खालच्या पाण्याला हवा मिळत नाही. वर शेवाळ वाढतं, मरतं, खाली पडून कुजतं, उरलासुरला ऑक्सिजन संपतो. मग जिवाणू नायट्रेट वापरायला लागतात, ते संपलं की सल्फेट, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरला तळाशी हायड्रोजन सल्फाइड, तोच सडक्या अंड्यांचा वास. दोनापावल्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था कांदोळीसमोरच्या एका ठरलेल्या जागी १९९७ पासून हे मोजत आलीये. तिथल्याच सय्यद वाजिह नक्वी आणि सहकाऱ्यांचा २००० मधला 'नेचर'मधला लेख जगभर गाजला, त्यात ही ऑक्सिजनची टंचाई वाढतेय, तिच्यातून नायट्रस ऑक्साइड हा कार्बन डायऑक्साइडच्या शेकडो पट तापवणारा वायू बाहेर पडतोय आणि खतांचं नायट्रोजन हे एक कारण असू शकतं असं मांडलं होतं. घरापासून दहा-पंधरा किलोमीटरवर जगाच्या अभ्यासाचा विषय बसलाय, आणि आपल्याकडे तो निवडणुकीत सोडाच, बातम्यांतही नसतो.

खत की वारा, हा वाद मिटवायचा तर हिशोबच लागतो. अमेरिकेत मिसिसिपी नदीमुखासमोर दर उन्हाळ्यात असाच निर्जीव पट्टा तयार होतो, पण तिथे गुन्हेगार नदीच आहे, मक्याच्या शेतांतलं खत. म्हणून तिथे सरकारने पट्टा पाच हजार चौरस किलोमीटरच्या खाली आणायचं लक्ष्य ठरवलं आणि नदीत किती नायट्रोजन यायला हवं तिथपर्यंत मागे मागे जाता आलं. आपल्याकडे मुख्य ओघ खालून येतो, तेव्हा त्यांचा उपाय उचलून इथे चिकटवला तर पैसा जाईल आणि समुद्र तसाच राहील. आपला हिशोब आपल्यालाच करावा लागणार.

मग म्हादईने समुद्राला काय दिलं, काहीच नाही? दिलं ना, पण मुखाच्या आतल्या बाजूला. भरती गांजेपर्यंत जवळपास पन्नास किलोमीटर आत जाते, आणि त्या पन्नास किलोमीटरमध्ये सगळं जगणं खारटपणाच्या चढउतारावर बांधलेलं आहे. सुंगटांची (कोळंबीची) पिल्लं खाडीत वाढतात आणि मग बाहेर जातात, तिसऱ्यो (शिंपले) एका ठरावीक खारटपणातच धरतात, शेवटे मासे पाणी बघून वर-खाली होतात. खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनीतल्या, शेतकऱ्याला मानस (बांधातलं पाण्याचं दार) कधी उघडायची आणि कधी लावायची हे खारं पाणी किती वर आलंय त्यावरूनच ठरवावं लागतं. चोडणची कांदळवनं तिथेच. आणि पिण्याचं पाणी, ओपाचा पंप ज्या खांडेपार नदीवर आहे ती मांडवीचीच उपनदी, फोंडा आणि तिसवाडी तिच्यावर जगते. समुद्रात पाणी वाया जातं म्हणणाऱ्याला हे सांगायचं, की ते पाणी समुद्राचा खार रोखून धरायला लागतं, तेवढंच त्याचं काम आणि ते उन्हाळ्यात रोज करावं लागतं. मासळीचं भांडण आपण बाहेरच्या समुद्रातून काढून खाडीत आणलं तर आपली बाजू दुबळी होत नाही, घट्ट होते. पेपरात फोटो मात्र ट्रॉलरचा छापतात, तिसऱ्या काढणाऱ्या बायकांचा कोण छापणार.

आता जे लिहितो ते आपल्याच लोकांना आवडणार नाही.

माणूस वर्षाला साधारण चार किलो नायट्रोजन शरीरातून बाहेर टाकतो, हा जगभर वापरला जाणारा ढोबळ आकडा आहे. मांडवीच्या काठाचे समजा एक लाख लोक धरा, नोव्हेंबर ते मे सात महिने, म्हणजे २३० टनांच्या आसपास. सेप्टिक टँक, शोषखड्डे, सांडपाणी प्रकल्प सगळं धरून त्यातला फक्त दहावा हिस्सा पाण्यात पोचतो असं मानलं तरी २३ टन झालं. आता नदी, सात महिने सेकंदाला दहा घनमीटर आणि त्यात नायट्रेट लिटरला पाच मायक्रोमोल असं धरलं तर तेरा टनांच्याही खाली राहतं. हे आकडे मी मांडलेले आहेत, कोणी मोजलेले नाहीत, तुमचे वेगळे निघाले तर ते टाकून बघा. पण दिशा बघा, उन्हाळ्यात खाडीत येणारं खाद्य घाटातून कमी आणि आपल्या संडासातून जास्त येतंय असं निघायची पूर्ण शक्यता आहे, आणि ते महिना-दीड महिना आतच फिरतं. जांभा दगड सच्छिद्र, त्यातून झिरपलेलं पाणी कुठे जातं ते दिसतही नाही. त्यात डिसेंबर ते मे पर्यटक, त्यांचा वेगळा हिशोब. कर्नाटकाने एक थेंब वळवला नाही तरी हा आकडा तसाच राहणार आहे, आणि पाणी कमी झालं तर हीच घाण जास्त घट्ट होणार आहे. म्हणजे दोन प्रश्न एकमेकांत अडकलेले आहेत, पण आपण एकाच्या सभेला जातो आणि दुसऱ्यावर गप्प बसतो.

एक खास गोव्याची भानगड पण सांगायला हवी, कारण बाहेरचा कोणी पद्धत आणून जशीच्या तशी लावेल तर फसेल. या हिशोबात नायट्रोजनचं काय झालं हे फॉस्फरसवरून काढतात. समुद्रातली सूक्ष्म वनस्पती एका फॉस्फरसमागे सोळा नायट्रोजन घेते, रेडफिल्ड या शास्त्रज्ञाचं हे प्रमाण. फॉस्फरस वायू होऊन उडत नाही, म्हणून खाडीत एक भाग फॉस्फेट कमी झालं तर सोळा भाग नायट्रोजन कमी व्हायला हवं, पंचवीस कमी झालं तर वरचे नऊ जिवाणूंनी वायू करून हवेत सोडले असं समजायचं. उलट नायट्रोजन अपेक्षेपेक्षा जास्त निघालं तर कोणीतरी हवेतून आणून घातलंय, आपल्याकडे फेब्रुवारी ते मे समुद्रावर लाकडाच्या भुशासारखी तरंगणारी ट्रायकोडेस्मियम ही शेवाळाची जात हेच करते. छान. पण फॉस्फेटला लोहाची ओढ असते, लोहयुक्त मातीच्या कणांना ते चिकटून बसतं, आणि गोव्याच्या नद्या पावसाळ्यात कशा असतात ते सांगायला नको, डिचोली-सांगेच्या बाजूला तर लालभडक. मग फॉस्फेट पाण्यातून गायब झालं ते शेवाळाने खाल्लं की मातीला चिकटून तळाला गेलं? पद्धत म्हणेल शेवाळाने खाल्लं, आणि इथून पुढचा सगळा हिशोब चुकीचा. खाणी २०१२ मध्ये बंद झाल्या, परत चालू झाल्या, २०१८ मध्ये परत बंद झाल्या. या चढउतारात गाळाचं आणि फॉस्फेटचं नीट सलग मोजमाप लोकांसमोर असतं तर खाणीच्या वादातही उपयोगाला आलं असतं. तिथेही भावनाच चालल्या.

कोणी म्हणेल समुद्रविज्ञान संस्था १९६६ पासून इथे आहे, हे सगळं त्यांनी केलेलंच असणार. बरंच केलंय, मांडवी-जुवारी या भारतातल्या सगळ्यात जास्त अभ्यासलेल्या खाड्यांपैकी आहेत. पण ते संशोधनाचे लेख आहेत, एका प्रकल्पाचे, एका दोन-तीन वर्षांच्या काळाचे. प्रशासनाला लागतो तो चालू हिशोब, या महिन्याचा, आणि तो चालवण्याची जबाबदारी कोणावर तरी कायद्याने असावी लागते. ती संशोधन संस्थेवर टाकणं चूक आहे, त्यांचं काम नवीन शोधणं. नदीचं वाहतं पाणी एक खातं मोजतं, प्रदूषण दुसरं, भूजल तिसरं, मासळी चौथं, आणि चौघांचे आकडे एका कागदावर कधी येत नाहीत.

जागा मात्र आता तयार झालीये. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्राने लवादाचा निवाडा राबवायला 'म्हादई प्रवाह' नावाचं प्राधिकरण मंजूर केलं, मुख्यालय पणजीत. सध्या त्याच्याकडून सगळ्यांची अपेक्षा एवढीच, की कोण किती पाणी घेतंय त्यावर नजर ठेवायची. गोव्याने तिथे मागणी अशी करायला हवी की नजर फक्त वरच्या बांधांवर नको, मुखापर्यंत हवी. गांजेला रोजचा प्रवाह, पुलांवर खारटपणा, दर महिन्याला नायट्रेट-फॉस्फेट आणि त्यावरून खाडीचा हिशोब, चुकीच्या मर्यादेसकट, आणि हे तिन्ही राज्यांच्या लोकांना एकाच वेळी उघडं. हे काही स्वप्नरंजन नाही. बाल्टिक समुद्राभोवतीच्या देशांनी २००७ मध्ये ठरवलं की समुद्राला किती नायट्रोजन-फॉस्फरस झेपेल ते आधी काढायचं, आणि मग प्रत्येक देशाने किती कमी करायचं ते आकड्यात वाटून घेतलं. रशिया आणि पोलंड एका टेबलवर बसून हे करू शकले, तर बेळगाव आणि पणजीला काय अडचण आहे? बाल्टिक सुधारला का, तर हळूहळू, सगळीकडे नाही. पण कोणी किती टाकलं याचे आकडे तिथे सगळ्यांसमोर असतात.

यावर एक आक्षेप मला नेहमी ऐकायला मिळतो आणि तो फालतू नाही. आकडे उघडे केले तर कर्नाटक तेच आपल्याविरुद्ध वापरेल. जुलैत वळवून समुद्राला काही फरक पडत नाही, हे तुमच्याच सेन्सरने सांगितलं म्हणतील. हो, म्हणतील. पण आत्ताही १८८.०६ हा आकडा कोणाच्या तरी गणितातूनच आलाय आणि गोव्याला तो जास्त वाटतो, मग दुसरा आकडा कुठे आहे आपल्याकडे, रोज मोजून काढलेला? ज्याच्याकडे नोंदी नसतात त्याला दुसऱ्याच्या नोंदींवर सही करावी लागते. जुलैचं पाणी हातचं गेलं तरी चालेल अशी तयारी ठेवून, ऑक्टोबर ते मे वरच्या एकाही नाल्यातून वळवणं नाही, आणि गांजेला प्रवाह अमुक घनमीटरच्या खाली आला की पावसाळ्यातही गेट बंद, एवढं लेखी मागायचं. तो 'अमुक' आकडा काय असावा हे खाडीत खार किती वर चढतो त्यावरून काढायचं आहे, आणि निदान पाच उन्हाळे सलग मोजल्याशिवाय तो निघणार नाही. पहिला उन्हाळा येत्या नोव्हेंबरपासून धरता येईल, सेन्सर तोवर लागले तर.